काकूंचे थांबे

घरापासून भाजीबाजारापर्यंत मी एकटी गेले तर आठ मिनिटं लागायची. काकूंबरोबर गेले की पाऊण तास. खामगावात राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यासोबत कोथिंबीर आणायला गेले. परत येईपर्यंत मला शिवणकामवाल्या ताईंच्या सुनेचं बाळंतपण, पिठाच्या गिरणीवाल्याच्या मेहुण्याची बदली आणि एका मास्तरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन असं सगळं बारीकसारीक कळलं होतं. कोथिंबीर तेवढी आणायची राहिली.

काकू माझ्या घरमालकीण. मी मूळची धामणगाव बढ्याची. खामगावातल्या एका छातीच्या डॉक्टरांकडे फुप्फुसांची तपासणी करायच्या मशीनवर मला नोकरी लागली आणि काकूंच्या घरातली वरची खोली मिळाली. माझं काम तसं सोपं होतं. पेशंटच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची आणि जीव खाऊन ओरडायचं. ‘भरा, भरा, भरा, आता सोडा जोरात, अजून, अजून, थांबू नका, अजून.’ न ओरडता केलं तर माणूस अर्धवट फुंकतो आणि तपासणी वाया जाते. दवाखान्याच्या शेजारी औषधांचं दुकान होतं. तिथला माणूस मला म्हणायचा, ‘ताई, तुमच्या आवाजानं मीबी फुकून राह्यलो इथं बसल्या बसल्या.’

तर वरची खोली. घरातली सगळ्यात चांगली खोली तीच. दोन्ही बाजूंनी वारा, समोर गच्ची. ती भाडेकरणीला देऊन काकू स्वतः खाली रस्त्यालगतच्या खोलीत राहायच्या. मी एकदा विचारलं, तुम्ही वर का नाही राहत? तर म्हणाल्या, ‘वरतून लोकायचं निरं डोस्कं दिसते वं. तोंड नाई दिसत.’ मला ते फार पटलं. मी मैत्रिणींना फोन करून सांगितलं, की माझी घरमालकीण जवळपास संत आहे.

आणि काकूंची कीर्तीही तशीच होती. त्यांच्यासारखं ऐकून घेणारं माणूस सगळ्या गल्लीत नाही, असं जो तो म्हणायचा. त्या कुणाच्याही दारात थांबायच्या, जोत्याला हात टेकायच्या आणि म्हणायच्या, ‘मंग?’ बस, एवढंच. समोरचं माणूस पाच मिनिटं बोलायचं. थांबलं, की पुन्हा, ‘मंग?’ की आणखी पाच मिनिटं. मध्ये तोंड घालणं नाही, सल्ला नाही, ‘माझ्याही बाबतीत असंच झालं होतं’ हे नाही. सासुरवाशिणी यायच्या, रिटायर झालेले मास्तर यायचे, एक बँकेतला कारकून तर जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन यायचा.

सगळ्यात गाजलेली गोष्ट दोन भावांची. त्यांच्यात सामाईक भिंतीवरून दोन वर्षं भांडण चालू होतं. कुणीतरी काकूंना म्हणालं, तुम्ही एकदा चला. भाऊ वरच्या मजल्यावर राहायचे. काकू निघाल्या आणि जिन्याच्या सहाव्या पायरीवर येऊन बसल्या. भाऊ वरून म्हणाले, वर या. काकूंनी नुसता हात केला. मोठा भाऊ खाली आला, धाकटा त्याच्या मागून आला, दोघं वरच्या पायऱ्यांवर बसले. काकू काही बोलेनात. दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. मोठा बोलायला लागला, थांबला. धाकटा बोलायला लागला, थांबला. मग मोठ्यालाच काय वाटलं कुणास ठाऊक, तो म्हणाला, ‘काकू, तुमी असं पाहू नोका, घ्या, भिंत त्याची.’ धाकटा म्हणाला, ‘मले नाई पाह्यजे, राहू दे दोघायची.’ भांडण मिटलं. काकू एक शब्दही न बोलता मिटवून आल्या, असं गावभर झालं. ही गोष्ट मी स्वतः किमान दहा जणांना सांगितली आहे.

तीस वर्षं काकू रोडग्यांच्या जेवणावळी करत आल्या होत्या. आमच्याकडे नवस फेडायला शेतात रोडगे घालतात. जाड्याभरड्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. दोनशे माणसांचे रोडगे म्हणजे ट्रॉलीभर गोवऱ्या आणि दिवसभर धूर. संग्रामपूरच्या पट्ट्यातून, पार सातपुड्याच्या पायथ्यापासून काकूंना बोलावणं यायचं. मी पाहिल्या तेव्हा त्या स्वतः निखाऱ्यांपाशी जात नव्हत्या. लांब लिंबाखाली खुर्ची टाकून बसायच्या, हातात तुरीची काडी. काडी वर केली की रोडगे पलटायचे, आडवी केली की काढायचे. बाकीच्या बायका म्हणायच्या, ‘काकूचा रुबाब पाह्य.’ मलाही रुबाबच वाटला.

शेजारी एक बाबूजी होते. सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, काकूंपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे. त्यांचा स्वभाव काकूंच्या बरोबर उलटा. सकाळी दार उघडलं की पहिलं वाक्य, ‘मी काई आता वाचत नाई.’ चहा घेताना, ‘हा शेवटचा.’ पायऱ्या चढताना असे विव्हळायचे, की नवीन माणूस पाणी घेऊन धावायचं. दम लागतो, दम लागतो, असं सहा महिने ऐकल्यावर काकूच एके दिवशी त्यांना आमच्या दवाखान्यात घेऊन आल्या. ऑटोनं.

मी आधी कागद भरून घेतला. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होत जाण्याचा आजार, त्याचा त्रास किती आहे हे पाहायला आठ प्रश्न असतात. खोकला, कफ, छाती जड वाटणं, जिना चढताना दम, घरातली कामं, घराबाहेर पडायची भीती, झोप, उत्साह. प्रत्येकाला शून्य ते पाच मार्क. जितके जास्त मार्क, तितका त्रास जास्त. बाबूजींनी चाळीसपैकी छत्तीस मिळवले. झोपेच्या प्रश्नाला ते म्हणाले, सहा नाही का देता येत?

मग मी नळी पुढे केली आणि बाबूजी अडून बसले. जोरात फुंकलं तर आतला जीव बाहेर येईल, म्हणाले. मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. शेवटी काकू म्हणाल्या, ‘सरका भाऊ. मी फुकते, तुमी पाहा.’

तपासणी करायची तर कागदही भरावा लागतो. मी गमतीगमतीत काकूंना प्रश्न विचारले.

‘खोकला येतो का?’

‘कोनाले नाई येत?’ मी दोन लिहिले.

‘एक जिना चढल्यावर दम लागतो?’

‘जिना मी चढतच नाई.’ शून्य.

‘घरातली कामं करताना?’

‘बसून करते.’ शून्य.

‘घराबाहेर पडायची भीती वाटते?’

‘मी घरात असते कधी?’ हेही खरंच होतं. शून्य. उत्साहाच्या प्रश्नाशी आले, तर त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी न विचारताच शून्य लिहून टाकलं. चाळीसपैकी दोन.

काकूंनी नाकाला चिमटा लावून घेतला, नळी तोंडात धरली, मी माझ्या नेहमीच्या आवाजात ओरडले आणि त्यांनी फुंकलं. पडद्यावर रेघ वर गेली. वर जाऊन ती सरळ उतरायला हवी. ती वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखा झोल खाऊन खाली आली. मला वाटलं, मशीन बिघडलं. मी नळी बदलली. स्वतः फुंकून पाहिलं, माझी रेघ सरळ उतरली. पुन्हा काकू, पुन्हा झोल. तिसऱ्यांदाही झोल. औषधाचा फवारा देऊन वीस मिनिटं बसवलं, परत फुंकायला लावलं. पहिल्या सेकंदात त्यांच्या वयाच्या, त्यांच्या उंचीच्या बाईची जेवढी हवा बाहेर यायला हवी, त्याच्या अडतीस टक्के आली.

बाबूजींना आता हुरूप आला. त्यांनी नळी धरली आणि एका दमात शहाण्णव टक्के फुंकले.

‘म्हंजे काकू नापास?’ त्यांनी विचारलं. आवाजात दुःख असावं असा त्यांचा प्रयत्न होता.

‘पस्तिसाले पास असते,’ काकू म्हणाल्या. ‘अडतीस हायेत मले.’

मी हसले. मग मला दिसलं, की फुंकून झाल्यावर त्या दोन्ही हात मांड्यांवर टेकून, पुढे वाकून बसल्या आहेत आणि एवढं छोटं वाक्यही त्यांनी मध्ये थांबून पूर्ण केलं आहे. मग मला हसू आलं नाही.

डॉक्टरांनी काकूंचे दोन्ही कागद, मशीनचा आणि प्रश्नांचा, शेजारी शेजारी ठेवले. विडी, सिगारेट, तंबाखूची मिसरी, काहीच नाही. ‘धूर मी वढला नाई साहेब,’ काकू म्हणाल्या, ‘थो रोडग्यापाशी आपल्या मनानंच येत गेला.’ बाबूजींना डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलं आणि दोघांना बाहेर बसवलं. मग मला म्हणाले, ‘एका कागदावर अडतीस, दुसऱ्यावर जवळजवळ काहीच त्रास नाही. मशीनला खोटं बोलण्यात काही फायदा नसतो. तू यांच्या घरात किती दिवस राहतेस?’

‘तीन वर्षं, सर.’

‘मग हा कागद परत भर. त्यांना विचारू नकोस. बघ आणि भर.’

तीन वर्षं. दिवसाला वीस-वीस माणसांना मी विचारायचे, चालताना थांबावं लागतं का. आणि घरी येऊन ज्या बाईबरोबर चालायचे, ती थांबते हे मी मैत्रिणींना कौतुकानं सांगायचे.

दुसऱ्या दिवशी मी काकूंबरोबर बाजारात गेले आणि मनात पावलं मोजली. पहिला थांबा शिवणकामवाल्या ताईंचा, बावन्न पावलांवर. दुसरा गिरणीचा, अठ्ठावन्न. पुढं एका बंद घराची ओटी होती, तिथं माणूस नव्हतं. काकू पंचावन्नाव्या पावलाला तिथं थांबल्या आणि ओटीवरच्या शेळीला म्हणाल्या, ‘मंग?’ शेळीनं काही सांगितलं नाही, तरी काकूंनी पुरेसा वेळ दिला. पुढं विजेचा खांब आला. त्यावर शिकवणीची जाहिरात होती, ती त्यांनी फोन नंबरासकट वाचली. मला इतकं हसू येत होतं, की मी पदराआड तोंड केलं. मोजणं मात्र चालूच ठेवलं. साठाच्या पुढं एकदाही त्या गेल्या नाहीत.

एका बंद दुकानाच्या शटरपाशी त्या पुन्हा थांबल्या. तिथं माणूस नव्हतं, शेळी नव्हती, वाचायला काही नव्हतं. शटरला हात लावून उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, ‘काकू, दम लागला ना?’

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मंग?’

आणि मी सांगायला लागले. डॉक्टर काय म्हणाले, कागद काय, पावलं किती, मी तीन वर्षं कशी आंधळी होते, मला स्वतःची कशी लाज वाटते. चांगली चार-पाच मिनिटं बोलले. थांबले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की काकूंचा श्वास जागेवर आला आहे.

‘तुम्ही आत्ता पुन्हा तेच केलंत,’ मी म्हटलं.

‘हाव,’ काकू म्हणाल्या आणि पहिल्यांदाच मनापासून हसल्या. हसता हसता खोकल्या.

सहा वर्षांपासून त्यांना माहीत होतं. आधी जिना सुटला, मग निखारे, मग पाण्याची बादली. प्रत्येक गोष्ट सुटली की त्या तिच्यासाठी एक कारण तयार करायच्या, आणि कारण इतकं छान असायचं, की आम्ही सगळे कारणाच्याच प्रेमात पडायचो.

‘अन् ते दोन भाऊ?’ मी विचारलं.

‘मले वरच चढता आलं नाई वं. बसली पायरीवर. बोलाले हवा कुठी होती? थे दोघं एकमेकायशी बोलून राह्यले, मी आपली इचार करून राह्यली का आता उतरू कशी.’

‘म्हणजे तुम्ही कुणाचंच ऐकत नव्हतात?’

याचं उत्तर द्यायला त्यांनी वेळ घेतला. या वेळी तो दम खाण्यासाठी नव्हता. ‘पहिले नाई. पहिले सारं ध्यान श्वासाकडं राहे. मंग हळूहळू ऐकू येऊ लागलं. अन् मंग सवयच लागली. आता रात्री पडलं का वाटते, त्या पोरीचं पुढं काय झालं असन?’

‘मग सांगितलं का नाही कुणाला?’

‘सांगितलं का संपलं. मंग कोनी मले काई सांगत नाई. जो येते थो इचारते, काकू तब्येत कशी हाये. काकू दवा घेतली का. मंग मीच बोलाचं, अन् लोकायनं ऐकाचं. मले नाई पाह्यजे थे.’

घरी जाऊन आम्ही कागद नव्यानं भरला. चोवीस मार्क झाले. डॉक्टरांनी ओढायच्या औषधाचा पंप दिला, ओठ चुंबळीसारखे आवळून सावकाश श्वास सोडायचा व्यायाम दिला, सर्दीतापाच्या साथीआधी लस घ्यायला सांगितली आणि धुरापासून लांब राहायची ताकीद दिली. रोज चालायला लावलं. पंप शिकवणं माझ्याकडे आलं. दाबायचं आणि ओढायचं एकाच वेळी जमायला हवं. काकू आधी दाबायच्या आणि मग निवांत तोंड उघडायच्या. सगळं औषध खोलीत. ‘हवेचाच दमा बरा होऊन राह्यला,’ त्या म्हणाल्या. आठव्या दिवशी जमलं. इकडे बाबूजी रुसले. छत्तीस मार्क त्यांनी मिळवले होते आणि पंप मात्र दोनवाल्या बाईला मिळाला होता. आम्हाला हे अन्यायाचं प्रकरण कित्येक दिवस ऐकावं लागलं.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. एक्केचाळीस. काकूंचं तोंड पडलं. ‘एवढं फुकलं, अन् तीन मार्क?’ डॉक्टरांनी सांगितलं, जे फुप्फुस गेलं ते गेलं, ते परत येत नाही. आहे त्यात किती चांगलं जगता येतं, ते दुसऱ्या कागदावर दिसतं. दुसऱ्या कागदावर चोवीसाचे चौदा झाले होते. काकूंनी तो कागद उलटसुलट केला आणि म्हणाल्या, ‘इथं कमी झाले का चांगलं अन् तिथं वाढले का चांगलं. बरी परीक्षा काढली साहेब.’

चौदाचा परिणाम रस्त्यावर दिसला. काकू आता एका दमात सव्वाशे पावलं जायच्या. शिवणकामवाल्या ताईंचं दार बावन्नावर, म्हणून त्या ते ओलांडून पुढं निघून जायच्या. चौथ्या दिवशी ताई घरी आल्या आणि रागानं उभ्याच राहिल्या.

‘काकू, आमचं काई चुकलं काय?’

काकूंनी त्यांना बसवलं. मी शेजारीच होते. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. दम, पंप, अडतीस टक्के, सहा वर्षं. सांगताना दोनदा थांबल्या आणि थांबल्याचं लपवलं नाही. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘अवं माय,’ त्या म्हणाल्या, ‘अन् आमाले पत्ताच नाई.’ काकू खाली मान घालून बसल्या. आता ते सुरू होणार, तब्येत कशी, तब्येत कशी. ताईंनी डोळे पुसले, नाक ओढलं. मग खुर्ची पुढं सरकवून म्हणाल्या, ‘बरं झालं तुमी सांगितलं. मले वाटलं तुमी रुसल्या, म्हनून मी सांगतच नोव्हती. माह्या सुनेनं परवाच्या दिवशी काय केलं मालूम हाये काय?’

आणि पाऊण तास बोलल्या. काकूंच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला अजून आठवतो.

सकाळचं चालणं काकू आणि बाबूजी शाळेच्या मैदानावर एकत्र करायचे. मीही कधीकधी जायचे. शहाण्णव टक्केवाले पुढं, एक्केचाळीसवाल्या मागं, असं सुरुवातीला असायचं. मी बुलढाण्याला नोकरी बदलून निघाले, त्याच्या आदल्या सकाळी शेवटची गेले. दुसऱ्या फेरीत बाबूजी झेंड्याच्या चबुतऱ्यावर बसले, छातीला हात लावला आणि म्हणाले, ‘काकू, मी काई आता वाचत नाई.’ काकू थांबल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, ओठ आवळले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा लांब, सावकाश श्वास सोडला. मग आणखी एक. आजूबाजूला चालणारी पोरं बघत होती, काकूंना त्याचं काही नव्हतं. सरळ झाल्या, पदर खोचला.

‘तुमी मरून घ्या भाऊ तोवर,’ त्या म्हणाल्या. ‘मी एक चक्कर मारून येते.’